कंगवा, कुसळ आणि उन्हाळा
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

गेल्या अंकात कुत्र्यांच्या लसीकरणाविषयी थोडे लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे लसीविषयी नव्हती, केसांविषयी होती. माझ्या लहानपणी मराठवाड्यात कुत्रा म्हणजे वाड्याच्या दारातला गावरान किंवा शिकाऱ्याच्या मागे धावणारा कारवानी. त्यांच्या अंगावर कंगवा फिरवावा लागतो, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. आता तालुक्याच्या गावातही ल्हासा, शिह त्झू, पॉमेरेनियन (पॉम) आणि मुख्यतः त्यांची सरमिसळ झालेली लहान, केसाळ कुत्री दिसतात. शुद्ध जातीविषयी पुस्तकात जे लिहिलेले असते ते या मिश्र कुत्र्यांना जसेच्या तसे लागू होत नाही, म्हणून प्रत्येक उत्तरात मी वाचकांना आधी आपल्या कुत्र्याला हात लावून पाहण्यास सांगितले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा मोती आहे. त्याची आई ल्हासा ॲप्सो आणि बाप बहुधा पॉमेरेनियन, असे ज्यांच्याकडून आणला त्यांनी सांगितले. एप्रिल लागताच तो दिवसभर धापा टाकतो. सासूबाई म्हणतात, मेंढीसारखे याचेही केस मशीनने पूर्ण काढून टाका. शेजारच्या काकू म्हणतात, एकदा काढले की पुन्हा येत नाहीत. कोणाचे ऐकावे?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर : दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मोतीच्या बाबतीत कोणाचे लागू पडते, हे त्याच्या पाठीवरचे केस सांगतील. त्याच्या कमरेजवळचे केस दोन्ही हातांनी भांग पाडल्यासारखे दूर करून मुळाशी पाहावे. वरच्या लांब, थोड्या राठ केसांखाली कापसासारखी दाट लव दिसली आणि वर्षातून एक-दोनदा ती लव पुंजक्यांनी गळून घरभर होत असेल, तर केसांच्या बाबतीत मोती बापावर गेला आहे. अशा केसांना वाढीची आणि विश्रांतीची ठरावीक चक्रे असतात; मुळापर्यंत कापले तर ते काही कुत्र्यांत वर्ष-दीड वर्ष येत नाहीत, आणि आले तरी ठिगळासारखे, निराळ्या रंगाचे किंवा पोताचे येतात. उलट केस माणसाच्या केसांसारखे रेशमी असतील, सतत वाढत असतील, गळण्यापेक्षा गुंतत जास्त असतील, तर तो आईवर गेला आहे आणि त्याचे केस कापले तरी पुन्हा येतील. मिश्र कुत्र्यात कधी पाठ एकाची आणि पाय दुसऱ्याचे, असेही असते. नोकरीच्या पहिल्याच मे महिन्यात मालकाच्या आग्रहाखातर मी एका पांढऱ्या पॉमची पाठ गुळगुळीत करून दिली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत तो तसाच राहिला आणि मालक दिसला की मी रस्ता बदलत असे.

परंतु आईवर गेला असला तरी मोतीचे केस कातडीपर्यंत काढू नयेत. जुन्या माळवदाच्या घरात भर दुपारी गारवा का वाटतो, हे लातूरकरांना सांगावे लागू नये. जाड मातीचे छत बाहेरची ऊब आत यायला वेळ लावते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतात, म्हणजे ऊब बाहेरून आत येऊ पाहत असते. त्या वेळी मोकळे, विंचरलेले केस छताचे काम करतात आणि पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी उन्हाने भाजण्यापासून वाचवतात. जटा झालेल्या केसांत मात्र हवा खेळत नाही आणि मग तेच छत पत्र्याचे होते. म्हणून ल्हासासारख्या केसांची लांबी एक-दीड इंचापर्यंत आणावी. दोन्ही प्रकारांत पोटाखालचे, जांघेतले, गुदद्वाराभोवतीचे आणि पंजाच्या गाद्यांमधले केस बारीक करावेत, कारण शहाबादी फरशीवर पोट टेकवून पडल्यावर थंडावा लागतो तो तिथेच.

खरा इलाज कात्रीत नाही, वेळापत्रकात आहे. फिरवणे सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर. डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू सात-आठ सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही तिथे टेकू नयेत. केवळ धाप लागणे हा आजार नव्हे, कारण कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच येतो आणि जीभ बाहेर काढून दम टाकणे हीच त्याची शरीर निववण्याची मुख्य रीत आहे. पण धाप थांबतच नाही, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा उलटी झाली, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत आणून नळाचे साधे पाणी अंगावर ओतावे आणि बोटांनी केस विलग करून ते कातडीपर्यंत पोहोचवावे, कारण अशा कुत्र्याचे वरचे केस चिंब झाले तरी कातडी कोरडी राहते. पंखा लावावा आणि अंगावर ओले पोते पांघरूण म्हणून टाकू नये, त्याने वाफ कोंडते. तोंडात बळेच पाणी ओतू नये. आधी अंग निववावे आणि मग दवाखाना गाठावा. या क्रमाने जीव वाचण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : आमची चिंगी तीन वर्षांची आहे. कंगवा पाहिला की ती पलंगाखाली जाते. कानामागे आणि काखेत जटा झाल्या आहेत. मागच्या रविवारी मी तिला धरले आणि मुलगी जटा ओढून सोडवू लागली, तेव्हा चिंगीने तिच्या हाताचा चावा घेतला. यजमान म्हणतात, दोन फटके दिले की सरळ होईल. तिचा स्वभावच वाईट आहे का?
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : आधी मुलीच्या हाताविषयी. चावा कितीही लहान असो आणि कुत्री घरचीच असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. एव्हाना हे केले नसेल, तर अंक बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जावे. चिंगीला रेबीजची लस दर वर्षी दिलेली आहे का, हे तिच्या कार्डावर पाहून डॉक्टरांना सांगावे.

आता स्वभावाविषयी. आपल्या पत्रातच उत्तर आहे: एकाने धरले आणि दुसऱ्याने ओढले. जट कातडीला घट्ट चिकटलेली असते आणि ती ओढली की कातडीच ओढली जाते. ज्यांनी लहानपणी आजीकडून फणीने उवा काढून घेतल्या आहेत, त्यांना ते दुःख आठवेल, आणि आपल्याला निदान आजी काय करते आहे हे ठाऊक होते. चिंगीने चावण्याआधी बऱ्याच गोष्टी सांगितल्या असणार: तोंड फिरवणे, ओठांवरून जीभ फिरवणे, अवेळी जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे आणि शेवटी गुरगुरणे. फटके दिल्याने हे सांगणे तेवढे बंद होईल, दुःख बंद होणार नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे पुढे न गुरगुरता चावते. यजमानांना माझ्या नावाने हे वाक्य वाचून दाखवावे.

शिकवणे म्हणजे 'बस', 'ये', हात दे, आणि केस विंचरणे हे निराळेच काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. लांब केसांच्या कुत्र्यापुरती तरी मला ती मान्य नाही. माणसाचा हात कान, काख, पंजा, शेपटीखाली कुठेही गेला तरी वाईट होत नाही, हा त्याचा पहिला धडा. तो पक्का झाला की विंचरणे, नखे कापणे, डॉक्टरांची तपासणी आणि लहान मुलांचे हात, सगळेच सोपे होते. चिंगीचा हा धडा उलटा गिरवला गेला आहे, म्हणून तो पुसून पहिल्यापासून घालावा लागेल.

सध्याच्या जटा विंचरून सोडवण्याच्या भरीस पडू नये. पशुवैद्यकाकडे किंवा अनुभवी केस कापणाऱ्याकडे नेऊन त्या मशीनने काढून घ्याव्यात. फार घाबरत असेल तर डॉक्टर गुंगीचे औषध देऊन हे करतात. कात्री आपण चालवू नये. जट वर उचलली की तिच्यासोबत कातडीची घडीही उचलली जाते, आणि अशा कापलेल्या कातडीला टाके घालण्याचे काम दर उन्हाळ्यात माझ्याकडे आठ-दहा वेळा तरी येते. त्यानंतर दोन आठवडे कंगवा अंगाला लावायचाच नाही. घरातला एखादा जुना पाट घेऊन त्यावर घसरू नये म्हणून गोणपाट टाकावा आणि हा चिंगीचा पाट ठरवावा. ती त्यावर चढली की फुटाण्याचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा. मांसाहारी घरात उकडलेल्या कोंबडीचा कण याहून सरस ठरतो. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. डबा शोधून, झाकण काढून दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला, हे कुत्र्याला उमगत नाही. चार-पाच दिवसांनी पाटाशेजारी कंगवा नुसता ठेवावा आणि त्याच्याकडे पाहिले तरी तुकडा द्यावा. मग कंगव्याची उलटी बाजू खांद्यावर एकदा, मग सरळ बाजू एकदा, आणि तिला कंटाळा येण्याआधी, तिने तोंड फिरवण्याआधी थांबावे. पहिल्या आठवड्यात हे सगळे अर्ध्या मिनिटाचे काम असते. पोट, पंजे आणि कानामागची जागा शेवटी घ्यावी.

रोजची दहा मिनिटे जमू लागली की साधने दोनच पुरतात: बारीक, वाकड्या तारांचा ब्रश आणि दातांमध्ये अंतर असलेला स्टीलचा कंगवा. वरवर फिरवलेल्या ब्रशाने वरचे केस चकचकीत होतात आणि खाली गुंता तसाच वाढत राहतो. एका हाताने केसांचा थर वर धरून खालचा थर टोकाकडून मुळाकडे थोडा थोडा सोडवत जावे आणि शेवटी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता जातो की नाही ते पाहावे. गळपट्ट्याखाली आणि कानामागे गुंता सर्वांत लवकर होतो. घरात असताना पट्टा काढून ठेवावा आणि फिरवताना गळ्याऐवजी छातीचा पट्टा वापरल्यास तो काखेत घासतो का, तेही पाहावे. छोटा गुंता असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी फोडावा. तेल लावू नये. आपल्याकडच्या धुळीत तेलकट केसांचे दोन दिवसांत काय होते, ते सांगायला नको.

आणखी एक. बैलांच्या तोंडाला मळणीच्या वेळी मुसके बांधतात तसे जाळीचे मुसके चिंगीलाही तुकड्यांच्या लालचेने घालायला शिकवून ठेवावे. दवाखान्यात उपयोगी पडते. तोंड चिंधीने आवळून बांधणे उन्हाळ्यात घातक आहे, कारण मग तिला दम टाकता येत नाही. मुलीचे आणि चिंगीचे पुन्हा जमावे म्हणून पहिले पंधरा दिवस मुलीने कंगव्याला हात न लावता फक्त तुकडे द्यावेत.

प्रश्न : शेतातल्या आखाड्यावर (गुरांच्या निवाऱ्यावर) मी बंड्याला रोज सोबत नेतो. लहान झुपकेदार कुत्रा आहे, गावात कोणीतरी पॉमचा क्रॉस म्हणून दिला. बैलांचे गोचीड त्याला लागतात. बैलांवर फवारायचे औषध उरले होते, तेच पातळ करून त्याला लावले, तर दिवसभर सुस्त पडून होता. दिवाळीनंतर तर अंगात कुसळेच कुसळे. काय करावे?
— एक शेतकरी, जिल्हा हिंगोली

उत्तर : दादा, ते औषध पुन्हा लावू नका. जनावरांवर फवारण्याच्या सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझच्या बाटल्यांवर लिहिलेले प्रमाण मोठ्या जनावरांसाठी असते. सहा-सात किलोचा केसाळ कुत्रा केसांत साठलेले औषध चाटत राहतो. जनावरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेणारेही भेटतात. काही मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांना ते जन्मजात सोसत नाही, आणि क्रॉसमध्ये कोणाचे रक्त आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असते? रॉकेल, फिनेल, पेटती काडी, हेही नको.

शिवाय यात बैलांचा दोष थोडाच आहे. बैलाचा नेहमीचा गोचीड जन्मभर एकाच जनावराच्या अंगावर राहतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीच्या फटीत किंवा आढ्याच्या सांध्यात जाऊन कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. त्याची मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणजे बंड्याचे गोचीड बहुधा बंड्या झोपतो तिथले आहेत. आखाड्यावरची त्याची जागा बदला, फटी बुजवा, भिंतीला चुना द्या, त्याचे पोते उन्हात कडक तापवा. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये. केसाळ कुत्र्यावर तो कानाच्या आत, बोटांमध्ये आणि गळ्याखाली दडतो, म्हणून डोळ्यांनी न शोधता बोटांनी चाचपावे. पशुवैद्यकाकडे वजनानुसार गोळ्या मिळतात, काही महिनाभर तर काही सुमारे बारा आठवडे काम करतात. बंड्याला कधी झटके आले असतील तर गोळी घेण्याआधी ते सांगा.

सुस्ती नुसत्या औषधाचीच होती, असे गृहीत धरू नका. गोचिडामुळे एर्लिचिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, अन्न सोडणे, हिरड्या फिकट होणे, नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, यांपैकी काही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. वेळेत निदान झाले तर उपचार आहेत, मात्र एर्लिचियाचा औषधोपचार साधारण चार आठवडे चालतो आणि कुत्रा आठवड्यात उड्या मारू लागला म्हणून तो मध्येच सोडायचा नसतो.

कुसळाला एकाच दिशेचे काटे असतात; ते आत जाते, मागे येत नाही. केसातून कातडीत, बोटांच्या बेचक्यात, कानात ते शिरते. पंजा सतत चाटणे आणि बोटांमध्ये गाठ येणे, किंवा शेतातून आल्यावर एकाएकी मान वाकडी करून कान झाडणे, हे कुसळाचे लक्षण समजा. कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडची सवय इथे नडते, कुसळ तेलाने बाहेर येत नाही आणि डॉक्टरला आतले दिसेनासे होते. गवत वाळायला लागण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, पंजे, पोट आणि कानाच्या कडा यांवरचे केस बारीक कापून घ्यावेत. संध्याकाळी घरी निघताना आखाड्याच्या दाराशीच पाच मिनिटे अंग चाचपून सराटे, गोखरू, कुसळे काढावीत. रात्रभर राहिलेला गोखरू सकाळी जटेच्या पोटात सापडतो. पावसाळ्यात काळी माती पंजाच्या केसांत बसून वाळते आणि खड्यासारखी टोचते. ती ओली असतानाच धुवावी.

प्रश्न : आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येते आणि बोअरचे पाणी जड आहे. कुत्र्याला आठवड्यातून किती वेळा आंघोळ घालावी?
— एक वाचक, बीड

उत्तर : आठवड्यातून नव्हे, तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. रोज विंचरलेल्या कुत्र्याला याहून जास्त पाणी लागत नाही, आणि टँकरच्या दिवसांत ही सोयीची गोष्ट आहे. आंघोळीआधी विंचरणे सक्तीचे. भिजलेला गुंता वाळताना आवळतो. माणसाचा शाम्पू, कपड्याचा साबण आणि जंतुनाशक द्रव वापरू नये, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्याहून कमी असते आणि ती त्याने कोरडी पडते. जड पाण्यात साबणाचा थर केसांवर राहतो, म्हणून शाम्पू मगभर पाण्यात आधी विरघळवून लावावा आणि शेवटचे दोन तांबे जमल्यास साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. मुळापर्यंत वाळवावे. दमट राहिलेल्या कातडीवर पावसाळ्यात एका रात्रीत ओले चट्टे उठतात.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे, अंडे-मांस घरात येत नाही. सोनूला दूध-भाकरी देतो. तो खाऊन-पिऊन सुखी आहे, पण केस निस्तेज झाले आहेत आणि तुटतात. माळ मोडायची नाही. मार्ग आहे का?
— एक वारकरी कुटुंब, पैठण

उत्तर : आहे. मांजराला मांसाशिवाय चालत नाही, कुत्र्याला मात्र माणसाच्या संगतीत भाकरी पचवण्याची शक्ती आली आहे, त्यामुळे आपल्या नेमाच्या आड तो येत नाही. पण केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. लांब केसांच्या कुत्र्याच्या आहारातील प्रथिनांचा मोठा वाटा कातडी आणि केसच खातात, आणि दूध-भाकरीत प्रथिने कमी आणि भाकरीच जास्त असते. शिवाय मोठ्या कुत्र्याला दूध नीट पचत नाही, मग शौच पातळ होते आणि मागचे केस घाण होतात, तेही एक काम वाढते.

सहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे सोनूचे ताट आपल्या ताटाच्या चौथाईहून लहान असावे. त्यात भाकरी अर्धी किंवा त्याहून कमी करून बिनफोडणीचे घट्ट वरण, दही, पनीर आणि नीट शिजवलेले सोयाबीन वाढवावे. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन अडवतात, म्हणून शिजवण्यात हयगय नको. करडईचे अर्धा चमचा तेल वरून घालावे. कुत्र्याच्या केसांना लागणारे लिनोलिक आम्ल करडईत भरपूर असते, आणि ज्या मुलखात करडई पिकते तिथे केसांच्या चमकेसाठी महागड्या बाटल्या घेण्याचे कारण मला दिसत नाही. एवढे करूनही घरचे शाकाहारी जेवण कॅल्शियममध्ये, जस्तात आणि काही जीवनसत्त्वांत कमी पडते, त्यामुळे पशुवैद्यकाला विचारून पूरक भुकटी द्यावी किंवा 'संपूर्ण आहार' असे स्पष्ट लिहिलेले शाकाहारी कोरडे खाद्य निम्म्याला निम्मे मिसळावे. बदल आठवडाभरात हळूहळू करावा. नव्या केसांत फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

एक इशारा आपल्या घराला विशेष लागू आहे. शिऱ्यातले बेदाणे, मनुके आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नसतो, म्हणून प्रसादाचा मान सोनूला नुसत्या पेढ्याच्या कणाने द्यावा. कांदा-लसूण आपल्याकडे एकादशीला नसेल; इतर दिवशीही सोनूची एकादशीच समजावी.

प्रश्न : चार महिन्यांचे पिल्लू आहे, भाड्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वर्तमानपत्र सोडून सगळीकडे लघवी करते. त्याचे नाक त्यात घासले, तरी फरक नाही.
— एक नोकरदार जोडपे, जालना

उत्तर : नाक घासल्याने त्याने शिकले ते एवढेच की, आपल्यादेखत लघवी करणे धोक्याचे आहे, म्हणून ते आता सोफ्यामागे करत असेल. चार महिन्यांचे पिल्लू जास्तीत जास्त चार-पाच तास धरू शकते, आणि तेही झोपेत. जागे असताना दर दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्याला उचलून गॅलरीच्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे, तिथे उभे राहून एकच शब्द म्हणावा आणि झाल्याबरोबर तिथेच तुकडा द्यावा, घरात परत येऊन नव्हे. शब्द दोघांनी एकच वापरावा. एकजण 'बस' आणि दुसरा 'सिट डाऊन' म्हणतो अशा घरांत कुत्रे मंद आहे अशी तक्रार ऐकू येते. लक्ष देता येत नसेल तेव्हा त्याला एका खोलीपुरते ठेवावे. चुकलेली जागा साबणाने पुसून वर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लावावा. वास राहिला की ते पुन्हा तिथेच जाते. लसीचा शेवटचा हप्ता साधारण सोळाव्या आठवड्यानंतर पूर्ण होतो, तोवर मोकाट कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नये, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. पण कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, हॉर्न, लग्नाचा बँड सगळे दाखवावे. आणि हो, मागच्या पायांचे, शेपटीखालचे केस बारीक ठेवा. ओले राहिलेले केस टोचू लागले की पिल्लू त्या जागेलाच दोष देते.

प्रश्न : आमच्या पांढऱ्या शिह त्झू क्रॉसच्या डोळ्यांखाली तांबडे ओघळ आहेत. घरात माणसाचे डोळ्याचे औषध आहे, ते घालावे का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : घालू नये. ओघळाचा तांबडा रंग रक्ताचा नसतो. अश्रूंतील पोर्फिरिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि तो पांढऱ्या केसांवर उठून दिसतो. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने रोज आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसून लगेच कोरडे करावे, आणि कपाळावरचे केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मऊ रबराने सैल शेंडी बांधावी. डोळ्याजवळचे केस बोथट टोकाच्या कात्रीने, पण कोणाला तरी डोके धरायला लावून, आणि तेही त्याला हाताची सवय झाल्यावरच कापावेत. पाणी एकाच डोळ्याला येत असेल, तो डोळा मिचकावत किंवा मिटून ठेवत असेल, बुबुळावर निळसर ढग दिसत असेल, तर तो डाग नसून जखम असू शकते. या कुत्र्यांचे डोळे पुढे आलेले असल्याने आपल्याच एका केसानेही ती होते. माणसांच्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असते आणि अशा जखमेवर ते पडले तर बुबुळाला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावे, आणि त्यांनी पुढे पाठवले तर उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात न्यावे. प्रवासात त्याने पंजाने डोळा चोळू नये म्हणून कोणीतरी त्याला मांडीवर घेऊन बसावे.